पऱ्यावर वीज होईल का? आधी एप्रिलचं पाणी मोजा

दर जुलैत मला एक व्हिडिओ येतो. पाठवणारा दरवर्षी वेगळा, व्हिडिओ मात्र तोच. एका हातात छत्री, दुसऱ्यात मोबाइल, समोर धो धो कोसळणारा पऱ्या, म्हणजे डोंगरातला ओढा, आणि त्या आवाजावर ओरडून कुणीतरी म्हणतंय, "नाना, एवढं पाणी फुकट चाललंय, लाइट नाय का करता येणार?" गेल्या जुलैत हा व्हिडिओ माझ्या पुतण्याकडून आला. त्याची वाडी घाटाच्या अगदी पायथ्याला, आमच्यापासून दोन डोंगर सोडून. मी त्याला एका ओळीत कळवलं : एप्रिलात त्याच दगडावर उभा राहा आणि दुसरा व्हिडिओ पाठव.

तो रागावला. मी पस्तीस वर्षं कोयना प्रकल्पाच्या पोफळीच्या पॉवर हाऊसमध्ये मशीन सांभाळून निवृत्त झालो, तेव्हा काकाकडून उत्साहाचे दोन शब्द त्याला हवे होते. पण डिसेंबरात मी स्वतः तिकडे गेलो, एप्रिलात पुन्हा गेलो, आणि आम्ही दोघांनी जे मोजलं ते इथे लिहितोय. तुमच्या वाडीतला पऱ्या, ओढा, वहाळ, जे काही असेल ते तुम्हालाही असंच मोजता येईल. खर्च म्हणाल तर एक फळी, गवंड्याची लेव्हलची नळी आणि दोन दिवसांचा चहा.

वीज कशात असते

पाणी नुसतं भरपूर असून भागत नाही. किती पाणी आणि किती उंचीवरून, या दोघांचा गुणाकार लागतो. सेकंदाला येणारे लिटर गुणिले पडण्याची उंची मीटरमध्ये गुणिले ९.८१, म्हणजे पाण्यातली ताकद वॅटमध्ये. त्यातली सगळी हाती लागत नाही. मोठ्या केंद्रात ८५ ते ९० टक्के मिळते, पऱ्यावरच्या छोट्या यंत्रात निम्मी धरा. निम्म्याच्या वर मिळाली तर देवाला नारळ द्या.

गच्चीवरची हजार लिटरची काळी टाकी डोळ्यांपुढे आणा. ती दहा मीटरवरून रिकामी केली आणि निम्मी ताकद हाती लागली, तर मिळतात १४ वॅट-तास. नऊ वॅटचा एलईडी बल्ब जेमतेम दीड तास जळेल. तेच हजार लिटर पाणी कोयनेच्या जलाशयातून पोफळीत उतरतं तेव्हा उंची असते साधारण ४७५ मीटर, आणि त्यातून एक युनिटपेक्षा थोडी जास्तच वीज होते. पाणी तेवढंच, फरक सगळा उंचीचा. म्हणून टाकीतलं पाणी टर्बाइनवर सोडायचं, त्याच विजेवर पंप लावून ते परत वर चढवायचं आणि घर फुकट चालवायचं, असली व्हॉट्सॲपवरची चित्रं मला पाठवू नका. पाठवलीत तर मी उत्तर देत नाही.

पोफळीत काय होतं ते थोडक्यात सांगतो. शिवसागराचं, म्हणजे कोयनेच्या जलाशयाचं, पाणी नवजाच्या बाजूने बोगद्यात शिरतं. बोगदा संपतो तिथे सर्ज टँक असतो. मशीन अचानक बंद झालं तर वेगात आलेल्या पाण्याला वर उसळायला जागा हवी, म्हणून तो उभा हौद. पुढे पोलादी अस्तराच्या, खाली उतरणाऱ्या बोगद्यांतून पाणी डोंगराच्या पोटातल्या पॉवर हाऊसपर्यंत येतं आणि नोझलच्या अरुंद तोंडातून बाहेर पडतं. त्या धारेचा वेग ताशी सव्वातीनशे किलोमीटरच्या पुढे. ती धार पेल्टन चाकाच्या वाट्यांवर आदळते. दोन वाट्या शेजारी शेजारी जोडून मधे धारदार कड काढावी, तसा तो एकेक चमचा असतो. मधल्या कडेवर पाण्याचे दोन भाग होतात आणि ते वाट्यांतून वळून जवळजवळ उलट दिशेने बाहेर पडतात. चाकाच्या कडेचा वेग धारेच्या साधारण निम्मा राखायचा. तसं झालं की वाटीतून सुटलेलं पाणी मेल्यासारखं खाली पडतं. नव्या पोरांना मी तेच बघायला सांगायचो : खाली पडणाऱ्या पाण्यात जोर उरला असेल, तर तेवढा जोर आपण वाया घालवला.

पेल्टनचं हे कौतुक उंची भरपूर असेल तिथलं. उंची शंभरेक मीटर आणि पाणी मुबलक असेल तर फ्रान्सिस जातीचं चाक, कोयनेच्याच कोळकेवाडीच्या केंद्रात आहे तसं. उंची अगदी कमी आणि पाणी नदीभर असेल तर जहाजाच्या पंख्यासारखं कॅप्लान.

मोठी केंद्रं तिथेच का

नकाशा काढा. लोणावळा, मुळशी, कोयना, या सगळ्या खोऱ्यांचं पाणी मूळचं पूर्वेला जाणारं. समुद्र इथून दिसेल इतका जवळ, पण पाणी निघतं बंगालच्या उपसागराकडे, सावकाश, शेकडो किलोमीटर. पश्चिमेला मात्र कडा. काही किलोमीटरांत अर्धा किलोमीटर उंची सपकन खाली. पूर्वेचं पाणी वर अडवायचं, डोंगर फोडून पश्चिमेला सोडायचं, एवढी साधी युक्ती. टाटांनी ती खोपोलीला १९१५ साली, भिवपुरीला १९२२ साली आणि भिऱ्याला १९२७ साली केली, आणि मुंबईच्या गिरण्या त्यावर चालल्या. कोयनेचा पहिला टप्पा १९६२ साली सुरू झाला. आज चारही टप्पे आणि धरणाच्या पायथ्याचं केंद्र धरून क्षमता साधारण १,९५० मेगावॅट. उंची नसेल तर काय होतं ते उजनी आणि पैठणला बघा. एवढाले जलाशय, आणि पायथ्याशी वीज १२-१२ मेगावॅट.

युक्ती साधी, पण फुकट नाही. पश्चिमेला सोडलेलं पाणी पूर्वेच्या शेताला परत मिळत नाही. म्हणून कृष्णा पाणीतंटा लवादाने कोयनेतून वर्षाला ६७.५ टीएमसी अशी मर्यादा घातली. ती पाळायची म्हणून आम्ही मे महिन्यात मशीन मोजूनमापून चालवायचो. कळव्याच्या लोड डिस्पॅचचा, म्हणजे कुठलं मशीन कधी चालवायचं ते ठरवणाऱ्या केंद्राचा, फोन आला की मशीन काही मिनिटांत लाइनवर, संध्याकाळची गर्दी सरली की परत बंद. कोळशाच्या संचाला हे असं जमत नाही. आणि जलाशयाखाली जमीन जाते ती जातेच. मुळशीच्या शेतकऱ्यांनी १९२१ साली सेनापती बापटांसोबत सत्याग्रह केला तो याच कारणाने. माझ्या सासुरवाडीचं मूळ गाव शिवसागराच्या तळाशी आहे. पगार त्या पाण्यावर झाला, आणि सासूबाई ते पाणी बघायला शेवटपर्यंत आल्या नाहीत. दोन्ही खरं.

जलाशयाचा खरा उपयोग काय, तर चार महिन्यांचा पाऊस बारा महिने वापरणं. तुमच्या पऱ्याला जलाशय नाही. म्हणून तुमची जागा उन्हाळ्यात ठरते, पावसाळ्यात नाही.

पाणी मोजणं

अगदी बारीक धार असेल तर बादली आणि घड्याळ पुरतं. पंधरा लिटरची बादली पाच सेकंदांत भरली तर सेकंदाला तीन लिटर. त्याहून जास्त असेल तर फळी.

फळी अशी करायची. पऱ्याच्या रुंदीपेक्षा थोडी मोठी, मधे वरच्या कडेपासून खाली इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच, कोन बरोबर काटकोनाचा. खाचेच्या कडेला पत्रा ठोकून ती पातळ करा, नाहीतर पाणी लाकडाला चिकटून वाहतं. पऱ्यात जिथे पाणी संथ आहे तिथे ती आडवी रोवायची, वरची कड पाणसळीत, बाजूंना आणि खाली माती-प्लास्टिक दाबून सगळं पाणी खाचेतूनच जाईल असं करायचं. आम्हाला एवढ्यातच अर्धा दिवस गेला. आमच्याकडे कातळ जांभ्याचा, त्याच्या भोकांतून पाणी चोरवाटेने निसटतं. शेवटी वहिनींनी चिकणमातीत भाताचा पेंढा कालवून दिला, तेव्हा गळती थांबली. मी पोफळीत पाच-पाच टनांचे व्हॉल्व्ह सांभाळले, पण हे मला सुचलं नव्हतं.

मग खाचेच्या टोकापासून पाण्याची पातळी किती वर आहे ते बघायचं. मोजताना खाचेत पट्टी धरू नका, तिथे पाणी खाली वाकलेलं असतं. एक-दीड मीटर मागे, संथ पाण्यात, खाचेच्या टोकाच्याच पातळीला डोकं येईल असा खुंटा ठोकून त्यावर पट्टी ठेवा. पातळी १० सेंटिमीटर असेल तर सेकंदाला ४.४ लिटर, १५ असेल तर १२ लिटर, २० असेल तर साधारण २५ लिटर. उंची दुप्पट झाली की पाणी साडेपाचपट होतं, तेव्हा एका सेंटिमीटरची चूक किरकोळ समजू नका.

आमची फळी डिसेंबरात १५ दाखवत होती. बारा लिटर. पुतण्या खूश. एप्रिलात साडेआठ, म्हणजे तीन लिटरपेक्षा किंचित कमी. मे महिन्यात सातवर आली, पावणेदोन लिटर. जुलैत त्या पऱ्यात माणूस उभा राहत नाही.

जवळच्याच एका गावात काही वर्षांपूर्वी पावसाळ्यातलं पाणी बघून मशीन ठरवलं होतं. मोठं, दहा किलोवॅटचं. उद्घाटनाला मंडप होता. जानेवारीत मशीनला पाणी पुरेना, आणि मोठं मशीन थोड्या पाण्यावर फिरतं खरं, वीज देत नाही. आता त्या पाइपने कुणाच्या तरी सुपाऱ्यांना पाणी जातं. नाकापेक्षा मोती जड.

उंची मोजणं

पुतण्याचा अंदाज होता, "शंभर मीटर तरी असेल नाना." मोबाइलवरच्या ॲपने एकदा ४० सांगितले, एकदा ६०. डोंगर चढताना दम लागला की माणसाला उंची जास्त वाटते, आणि मोबाइलला तर दमही लागत नाही.

गवंड्याची पारदर्शक नळी घ्या, पाणी भरून, आत बुडबुडा नको. दोघांच्या हातात टेप लावलेली एकेक काठी. वरच्याने नळीचं टोक जमिनीजवळ धरायचं, खालच्याने काठीवर. पाणी दोन्हीकडे एका पातळीत आलं की खालच्या काठीवरचा आकडा वहीत लिहायचा, मग वरच्याने खालच्याच्या जागी यायचं. असं टप्प्याटप्प्याने, काट्याकुट्यांतून, वरच्या डोहापासून खालच्या पाणंदीपर्यंत. आमचे सत्तावीस टप्पे झाले. बेरीज ३७ मीटर. आम्ही ती उलट दिशेने पुन्हा केली, एका वितेचा फरक आला, सोडून दिला. पुढे पाइप टाकलात की खालच्या टोकाला प्रेशर गेज लावून पडताळा घ्या, दर चौरस सेंटिमीटरला एक किलो दाब म्हणजे दहा मीटर.

हिशेब

यंत्रघर कुठे बसवायचं ते शेवटी सांगतो. तूर्त उंची ३२ मीटर धरा. डिसेंबरात १२ गुणिले ३२ गुणिले ९.८१ म्हणजे ३,७०० वॅटच्या वर, निम्मे म्हणजे साधारण १,९००. एप्रिलात तीन लिटरला ४७० वॅट.

४७० ऐकून पुतण्याचं तोंड उतरलं. इस्त्रीसुद्धा चालणार नाही! मी म्हटलं, थांब. हे ४७० वॅट रात्रंदिवस आहेत. चोवीस तासांत ११ युनिट. माझ्या घराचं बिल महिन्याला शंभर युनिटच्या आत असतं, म्हणजे दिवसाला तीन. तीन घरांचे दिवे, पंखे, टीव्ही, मोबाइल एप्रिलातही निघतात, आणि डिसेंबरात पाच घरं आरामात. पिठाची गिरणी नाही, गिझर नाही. वाडीत बसून आधी हे बोलून घ्या. भांडणं विजेवरून होत नाहीत, एकाने लावलेल्या इस्त्रीवरून होतात.

तीन लिटरही सगळे घ्यायचे नाहीत. बंधाऱ्यापासून यंत्रघरापर्यंतच्या मधल्या पट्ट्यात गुरं पाणी पितात, बायका कपडे धुतात, मासे आहेत. बंधाऱ्याच्या तळाशी अर्ध्या लिटरचं भोक ठेवायचं, बुच नसलेलं. म्हणजे ४७० चे ३९० झाले. मे महिन्यात मशीन बंद.

पाइप, चाक आणि माझी चूक

पैसा सगळ्यात जास्त पाइपात जातो आणि लोक तिथेच वाचवायला बघतात. आमची लांबी १८० मीटर. १२ लिटर पाणी तीन इंची पाइपातून नेलं तर ३२ मीटरपैकी १७ मीटर घर्षणातच जातात. चार इंची पाइपातून नेलं तर फक्त चार. एका इंचासाठी अर्धा डोंगर घालवू नका.

बंधारा गुडघाभर उंचीचा पुरे, पाणी फक्त वळवायचं आहे. तिथून एका छोट्या टाकीत, जिथे वाळू खाली बसेल, आणि टाकीच्या तोंडावर जाळी. ही जाळी म्हणजे रोजचं काम. पावसाळ्याच्या सुरुवातीला सागाची पानं आणि खेकडे, दिवाळीनंतर पालापाचोळा. जाळी तुंबली की पाइपात हवा शिरते, मशीन गचके खातं. जाळी कोण साफ करणार त्याचं नाव आधी ठरवा, पाइपाचा ब्रँड मग.

यंत्र म्हणून छोटं पेल्टन चाक, चार नोझलचं. पाइपातला तोटा वजा जाता धारेचा वेग सेकंदाला तेवीसेक मीटर, चाकाच्या कडेचा त्याच्या निम्म्याहून थोडा कमी, म्हणून १,५०० फेऱ्यांच्या जनरेटरला थेट जोडायचं तर चाक १४ सेंटिमीटरचं. बशीएवढं! चार नोझल अशासाठी की डिसेंबरात चारही उघडी, पाणी उतरत जाईल तशी एकेक बंद, एप्रिलात एकच. दाब तोच राहतो, चाक त्याच वेगाने फिरतं.

घरातले दिवे एकदम बंद झाले तर मशीनवरचा भार जातो आणि चाक सुसाट सुटतं, नेहमीच्या जवळजवळ पावणेदोनपट वेगाने. पोफळीत त्यासाठी वेग आवरणारा गव्हर्नर असतो, धारेसमोर आडवा येणारा पत्रा असतो. छोट्या यंत्राला लोड कंट्रोलर लावतात. घरात न लागणारी वीज तो पाण्यात बुडवलेल्या कॉइलमध्ये जिरवतो. पुतण्याच्या आईचा पहिला प्रश्न, "मग अंघोळीला गरम पाणी मिळेल ना?" मिळेल. संध्याकाळी सगळे टीव्ही बघत असताना नाही, पहाटे मिळेल.

आणि ही वीज महावितरणच्या तारांना परस्पर जोडू नका. लाइन बंद आहे म्हणून खांबावर चढलेल्या वायरमनला तुमच्या पऱ्याचा झटका बसेल.

चूक माझ्याच हातून झाली. मागच्या वर्षी दुसऱ्या एका वाडीत चाचणी चालू होती. सगळं ठाकठीक दिसत होतं, जेवायची हाक आली आणि मी व्हॉल्व्हची दांडी एका झटक्यात फिरवली. पाइपातलं टनभर पाणी धावत होतं, त्याला एकाएकी भिंत आली. असा दणका बसला की दाब क्षणात दुप्पट-तिप्पट होतो. वरचा एक जोड फुटला आणि आंब्याच्या उंचीचा फवारा उडाला. आयुष्यभर सर्ज टँक समजावून सांगणारा माणूस मी. तेव्हापासून छोट्या कामाला दांडीचा व्हॉल्व्ह लावायचाच नाही, चाकाचा लावायचा, जो बंद करायलाच मिनिटभर फिरवावा लागतो.

कागद

पऱ्या आपल्या जमिनीतून गेला म्हणून पाणी आपलं होत नाही. ग्रामपंचायतीत बोला, जलसंपदा विभागाला विचारा, वरची जमीन वनखात्याची असेल तर त्यांच्याशिवाय एक दगड हलवू नका. मार्गदर्शनाला महाऊर्जा ही राज्य सरकारची संस्था आहे. १०० किलोवॅटपर्यंतचं केंद्र सूक्ष्म समजतात, २५ मेगावॅटपर्यंतचं लघु. आपलं तर त्या सूक्ष्माच्याही तळाशी.

यंत्रघर कुठे

उंची ३७ मीटर मोजली आणि हिशेब ३२ वर का केला, ते आता. पाणंदीपर्यंत खाली गेलो असतो तर ३७ मिळाले असते. डिसेंबरात तीनशे वॅट जास्त, एका घराची सोय. पुतण्याने जागा साफसुद्धा करून ठेवली होती. पण पाणंदीच्या पाच मीटर वर, कोकमाच्या झाडाशी, एक जुना पाट फुटतो. दगडी, शेवाळलेला, पलीकडच्या वाडीच्या सुपारीबागांना जाणारा. पाइप त्याच्या खाली नेला तर मशीनमधून सुटलेलं पाणी त्या पाटाला मिळणार नाही.

चिपळूणच्या माणसाला अवजल समजावून सांगावं लागत नाही. आमची वाशिष्ठी उन्हाळ्यात वाहते ती कोयनेच्या अवजलावर, मशीन फिरवून सुटलेल्या पाण्यावर. ते पाणी ज्यांचं पूर्वेला जायचं होतं, त्यांचं काय, हे आम्ही फारसं विचारलं नाही.

पुतण्या कोकमाखाली बराच वेळ पाटाकडे बघत उभा होता. मग म्हणाला, "तीनशे वॅट म्हणजे एका फ्रिजएवढे ना?" मी म्हटलं, जवळपास. त्याने कोयत्याने कोकमाच्या बुंध्याला खूण केली आणि पलीकडच्या वाडीतल्या दाजींना फोन लावला, उद्या जोत्याची दोरी धरायला या म्हणून.